कुंपण न मानणारा सुवास

घरापुढच्या जागेत सुवासिक फुलझाड कोणतं लावावं, असं कुणी विचारलं की उत्तरं भराभर येतात. ऊन भरपूर असेल तर मोगरा, भिंतीचा किंवा मांडवाचा आधार असेल तर जाई-जुई, माती थोडी आंबूस आणि हवा दमट असेल तर अनंत, कोपरा मोकळा असेल तर प्राजक्त. रोपवाटिकेतला माणूस ऊन, पाणी, माती आणि कुंडीचा आकार एवढंच विचारतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण रंगाचं झाड आणि वासाचं झाड यांत एक मूलभूत फरक आहे. रंग बघायला झाडाकडे जावं लागतं. मान वळवली की तो संपतो. वास आपणहून निघतो, खिडकीतून आत येतो, कुंपणावरून शेजारी जातो आणि रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाच्या श्वासात शिरतो. त्यामुळे वासाचं झाड लावणाऱ्यापुढे माती-पाण्यापलीकडचा एक प्रश्न उभा राहतो: हा सुवास कुणाचा? लावणाऱ्याचा, देवाचा, की आणखी कुणाचा? माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या धर्मपरंपरांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला आहे, आणि त्यांचा कल एकाच बाजूला आहे. सुवासावर कुणाचीही मालकी लागत नाही. हे मनापासून मानलं तर कोणतं झाड लावायचं, ते कुठे लावायचं आणि त्याची किती फुलं तोडायची, हे तिन्ही निर्णय बदलतात.

सुरुवात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या एका नियमापासून करू. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही. हातात परडी देताना मुलांना हे आधी बजावलं जातं, आणि एखादं फूल चुकून नाकाशी गेलंच तर ते बाजूला ठेवलं जातं. नैवेद्य आधी चाखायचा नाही तसं फूल आधी हुंगायचं नाही, म्हणजे हा उष्ट्याचा नियम, असा त्याचा सरसकट अर्थ लावला जातो. सुवासिक झाडापाशी मात्र हा अर्थ टिकत नाही. दारातला मोगरा फुलला असेल तर परडी घेऊन कुणी बाहेर पडण्याआधीच त्याचा वास घरभर झालेला असतो. श्वास रोखून फुलं तोडा, असं कुणी सांगत नाही. तेव्हा नियमाचा रोख वास नाकात जाण्यावर नसून फूल उचलून नाकाशी नेण्यावर आहे, ‘आधी मी’ म्हणणाऱ्या त्या एका हालचालीवर आहे. नामदेवांनी हा नियम आतून उलगडून दाखवला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यातल्या राग आसामधल्या एका पदात ते विचारतात, की पाणी आणावं तर त्यात लाखो जीव आधीच राहिलेले, फुलांची माळ करावी तर भुंग्याने वास आधीच घेतलेला, दुधाची खीर करावी तर वासराने ते आधीच उष्टावलेलं, मग विठ्ठलाला वाहायचं काय? आणि तिथेच ते सांगतात, की इकडे विठ्ठल आहे, तिकडे विठ्ठल आहे, त्याच्यावाचून संसारात जागाच नाही. हे पद कर्मकांडावरची टीका म्हणून वाचलं जातं आणि ते वाचन योग्यच आहे. पण त्यातला भुंगा मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. नामदेव भुंग्याला दोष देत नाहीत. कुणीच वास न घेतलेलं फूल जगात नाही, आणि ज्याने आधी घेतला तोही विठ्ठलाबाहेरचा नाही, असं ते म्हणतात. संत रविदासांच्या पदातही दूध, फूल आणि पाणी हेच तीन दाखले वासरू, भुंगा आणि मासा यांच्यासह येतात. म्हणजे ही कुणा एकाच्या मनाची लहर नव्हती. भक्तीच्या विचारात हा प्रश्न चांगला रुजलेला होता.

याहून कडक दाखला पाली साहित्यात आहे. संयुत्त निकायातल्या वनसंयुत्तात कोसल देशातल्या एका अरण्यात राहणाऱ्या भिक्खूची गोष्ट येते. भिक्षेहून परतून जेवण झालं की तो तळ्यात उतरून कमळाचा वास घेत असे. तिथली देवता त्याला गंधचोर म्हणते, कारण कुणी न दिलेली वस्तू तो घेत होता. भिक्खूचा प्रतिवाद आपल्यापैकी कुणीही केला असता असाच आहे: मी काही तोडत नाही, काही नेत नाही, लांबूनच वास घेतो; आणि इथे येऊन कमळं मुळासकट उपटणाऱ्याला तू चकार शब्दाने बोलत नाहीस. देवता म्हणते, की अंगभर मळलेल्याला मी काय सांगणार. पण जो निर्मळ होऊ पाहतो त्याला केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसतो. भिक्खू ते मान्य करतो आणि पुन्हा असं दिसलं तर पुन्हा सांग, असं विनवतो. गृहस्थाने फुलाचा वास घेऊ नये, असा अर्थ या गोष्टीतून मी काढणार नाही. ती संन्याशासाठी आहे. पण तिच्यातला तर्क सगळ्यांसाठी आहे. समोरच्याचं काही कमी झालं तरच चोरी झाली, ही आपली समजूत ती मोडून काढते. कमळाचं काही कमी झालं नव्हतं, तरी घेणं हे घेणंच होतं. हाच तर्क अंगणात आणला तर ‘मी लावलं, मी पाणी घातलं, म्हणून वास माझा’ हे म्हणणं लटकं पडतं. लावणं आणि पाणी घालणं आपलं असतं हे खरं. त्यातून आपल्याकडे झाडाची राखण येते, वासाचा हक्क येत नाही. वाऱ्याबरोबर जे येतं ते आलेलं असतं, वाकून ओढून जे घेतलं जातं ते घेतलेलं असतं. या दोहोंतला फरक बारीक आहे, पण हुंगण्याविषयीचा घरचा नियम आणि कोसलच्या अरण्यातली देवता दोघंही त्याच फरकावर बोट ठेवतात.

तत्त्वज्ञांनी वासाविषयी जे म्हटलं आहे तेही इथे उपयोगी पडतं. वैशेषिक दर्शनात गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात पृथ्वीची ओळखच तिच्या गंधावरून करून दिली आहे, आणि पाण्यात किंवा वाऱ्यात वास आला तर तो त्यांच्यात मिसळलेल्या पृथ्वीच्या कणांचा, असं त्या परंपरेचं स्पष्टीकरण आहे. आजचं रसायनशास्त्र शब्द वेगळे वापरतं, पण वासासाठी पदार्थाचे रेणू प्रत्यक्ष नाकापर्यंत पोचावे लागतात हे तेही सांगतं. म्हणजे शेजाऱ्याला मोगऱ्याचा वास आला तेव्हा मोगऱ्याचाच एक अंश त्याच्यापर्यंत गेला; आपण कुंपण घातलं ते मातीभोवती, पण मातीचा गुण कुंपणाबाहेर गेलाच. गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण पृथ्वीतला पवित्र गंध आपणच आहोत असं सांगतो. त्या ‘पवित्र’ शब्दापाशी थोडं थांबावं. जाई-मोगऱ्याच्या सुवासात बेन्झिल ॲसिटेट आणि लिनॅलूल यांसारख्या गोड द्रव्यांबरोबर इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. अगदी थोडं असलं तर त्याने वासाला खोली येते. प्रमाण वाढलं की दुर्गंधी येते, आणि विष्ठेतही हेच द्रव्य सापडतं. सुवास आणि दुर्गंध ही दोन वेगळ्या जगांतली द्रव्यं नाहीत. एकाच मातीतून, एकाच द्रव्याच्या प्रमाणातल्या फरकाने, एक देवापुढे जातो आणि एक उकिरड्यावर. पवित्र गंध आपल्या मालकीचा आणि अपवित्र तेवढा दुसऱ्याचा, असं ज्याला मनात कुठेतरी वाटत असेल, त्याने मोगऱ्याचं हे रसायन ध्यानात ठेवावं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फूल दान करत नाही, ते आपला स्वार्थ साधतं, असं वनस्पतिशास्त्र जाणणारा म्हणेल. संध्याकाळी उमलणारी, पांढरी, तीव्र वासाची फुलं बहुधा निशाचर पतंगांना बोलावत असतात. अंधारात रंग निरुपयोगी, म्हणून वास. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफा तर त्याहून पुढे जातो. त्याच्या फुलात मध नसतो. मधाच्या आशेने आलेले लांब सोंडेचे पतंग फुलामागून फूल धुंडाळतात आणि काही न मिळता परागकण वाहून नेतात. मग कसलं दान आणि कसली उदारता? हे सगळं खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते बळच देतं. वास माझ्यासाठी निर्माण झालेला नव्हता, देवासाठीही नव्हता. तो एका पतंगासाठी होता, आणि माझ्यापर्यंत वाटेत आला. जे माझ्यासाठी नव्हतं, ज्यावर माझा हक्क नव्हता, आणि तरी माझ्या वाट्याला आलं, त्याला आपल्याकडे प्रसाद म्हणतात. ‘हे माझं’ हा भाव एकदा सोडून दिल्यानंतर परत येतं ते प्रसाद. फूल उदार आहे की धूर्त, यावर प्रसाद अवलंबून नाही. घेणारा ते कसं घेतो यावर अवलंबून आहे.

मालकीच्या या प्रश्नावर मराठी माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली आहे. कृष्णाने इंद्राच्या नंदनवनातून पारिजात आणला आणि सत्यभामेच्या हट्टाखातर तिच्या अंगणात लावला. फुलं मात्र पडली रुक्मिणीच्या अंगणात. पारिजातहरणाची मूळ कथा हरिवंशात आणि विष्णुपुराणात आहे, पण शेजारच्या अंगणात पडणाऱ्या फुलांचा भाग लोकांनी जपला आणि वाढवला. सवतीमत्सराची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. मला ती मालकीची गोष्ट वाटते: खोड एकीच्या अंगणात, बहर दुसरीच्या, आणि खुद्द कृष्णाने आणलेलं झाडही त्याला अपवाद नाही. धर्मशास्त्रालाही हा फरक ठाऊक होता. गौतम धर्मसूत्रात म्हटलं आहे, की गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेली-झाडांची फुलं ही आपलीच असल्यासारखी घ्यावीत, फळं मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच. फळाला कुंपणाची अट आहे, फुलाला नाही. चोरी कशाला म्हणायचं हे काटेकोरपणे ठरवू पाहणाऱ्या शास्त्राने फुलाला फळाच्या रांगेत बसवलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. फळ पोटासाठी असतं, ते राखता येतं, मोजता येतं. फुलाचं जे मुख्य ते राखताच येत नाही, तर त्याभोवतीच्या हक्काला अर्थ किती?

आता निवडीकडे येऊ. वास कुणाचाच नसेल तर जे झाड तो सर्वांत मोकळेपणाने देतं आणि ज्याचं घेताना झाडाचं सर्वांत कमी जातं, ते पहिलं. प्राजक्त त्या कसोटीवर अव्वल उतरतो. दिवेलागणीनंतर त्याच्या कळ्या उमलतात, रात्रभर दरवळतात आणि उजाडताना फुलं देठापासून सुटून खाली येतात. खाली पडलेलं फूल हातात घेऊन बघा: पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी नळी, आणि नळीच्या आतच चिकटलेले पुंकेसर. पण नळीचं खालचं टोक पोकळ आहे. बीज धरणारा भाग फुलाबरोबर आलेलाच नाही, तो फांदीवर राहिला आहे, आणि फलन झालं असेल तर तिथे दोन बियांचं चपटं, वाटोळं फळ धरेल. म्हणजे झाडाने आपलं पुढच्या पिढीचं काम स्वतःजवळ ठेवलं आणि उरलेलं सोडून दिलं. जमिनीवर पडलेलं फूल पूजेला चालत नाही या रिवाजाला परंपरेने प्राजक्ताचा अपवाद केला, त्यामागे हे निरीक्षण होतं की नाही हे महत्त्वाचं नाही; अपवाद योग्य ठिकाणी केला गेला आहे एवढं खरं. त्यानंतर मी जुई आणि जाई घेईन, कारण त्यांची फुलं एकेरी असतात आणि पतंगांना त्यांच्यापर्यंत पोचता येतं. कुंपणासाठी कुंती, तिची फुलं घोसाने येतात आणि पानं वर्षभर दाट राहतात. कोकणातल्या तांबड्या मातीत अनंत आपसूक सुखी राहतो. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, तिथे त्याचा हट्ट धरू नये. बहरांची साखळीही साधता येते: चैत्र-वैशाखात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, आश्विनात प्राजक्त, थंडीत कुंद. पण साखळी साधण्यापेक्षा एक झाड नीट जपणं मला जास्त मोलाचं वाटतं.

मोगऱ्याविषयी वेगळं सांगायला हवं, कारण तो लाडका आहे आणि त्याचं प्रकरण थोडं अवघड आहे. बटमोगरा आणि हजारी मोगरा यांत पाकळ्यांचे थरावर थर असतात. फुलातले पुंकेसरच मुख्यतः पाकळ्या झालेले असतात, म्हणून किडा-पतंगाला अशा फुलातून फारसं काही मिळत नाही आणि बीही बहुधा धरत नाही. ही झाडं दाब कलमाने किंवा छाट कलमाने माणसानेच वाढवलेली आहेत. त्यांची वंशवेल आपल्या हातावर अवलंबून आहे. त्यामुळे हजारी मोगऱ्याच्या कळ्या तोडण्यात झाडाची हानी जवळजवळ नाही, पण त्यात आपल्याखेरीज कुणाचा वाटाही फारसा नाही. साध्या, एकेरी मोगऱ्याचा वास तितकाच सुरेख असतो. गजऱ्याचा सोस नसेल तर मी तोच लावायला सांगेन. मोगऱ्याची छाटणी थंडीत केली की मार्चपासून नव्या फुटीवर कळ्या येतात, आणि फुलं काढत गेलं तर नवी फूट चांगली धरते. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या मोगऱ्याच्या अभंगातही वेचल्याने बहर वाढतो असाच भाव आहे. अर्थ अध्यात्माचा असला तरी बागकामाला तो जुळतो. या झाडाची आणखी एक खूबी आहे. दुपारी तोडलेली, टपोरी झालेली पण मिटलेली कळी झाडापासून सुटली तरी आपलं काम थांबवत नाही. संध्याकाळी ती गजऱ्यातच उमलते आणि त्यानंतर पुढचे काही तास नवा सुवास तयार करत राहते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या पाकळ्यांना गुलाबी-तपकिरी छटा चढते आणि मग वास उतरतो. तोडणं म्हणजे तत्काळ मारणं, हे सगळ्याच फुलांना सारखं लागू पडत नाही.

तरीही तोडूच नये, असं म्हणणाऱ्यांचा आक्षेप आदराने घ्यायला हवा. दिगंबर जैनांमध्ये याच मुद्द्यावर दोन रीती आहेत. तेरापंथी सजीव मानलेली फुलं पूजेत वापरत नाहीत, त्यांच्या जागी केशराने रंगवलेले तांदूळ ठेवतात. बीसपंथी फुलं वाहतात. वैष्णव परंपरेतली अष्टपुष्पीची कल्पनाही याच दिशेने जाते. विष्णूला आवडणारी आठ फुलं सांगताना तिने अहिंसेला पहिलं फूल म्हटलं, आणि पुढे इंद्रियनिग्रह, दया, क्षमा अशी नावं घेतली. झाडावरचं एकही फूल त्या यादीत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांपैकी जे भक्तीने दिलं जाईल ते देव घेतो असं म्हटलं आहे, म्हणजे फुलावाचून काही अडत नाही. माझं उत्तर एवढंच, की या विचाराने सुवासिक झाड लावण्याला बाध येत नाही, फक्त तोडण्याला येतो. उलट, ज्याला फूल तोडायचं नाही त्याच्यासाठी रंगापेक्षा वासाचं झाडच अधिक योग्य. न तोडलेलं फूलही देवघरापर्यंत पोचू शकतं, आणि ते फक्त वासालाच साधतं.

दुसरा आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो. गंध हा विषय आहे, इंद्रियांना ओढणारा आहे. मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माळा वर्ज्य सांगते, बौद्ध उपासकाच्या अष्टशीलातही माळा, सुगंध आणि लेप धारण करण्यापासून दूर राहण्याचं व्रत आहे. मग धर्माच्या नावाने सुगंधाची बाग कशी लावायची? इथे व्रताचे शब्द नीट वाचावेत. निषेध आहे तो धारण करण्याचा, स्वतःला सजवण्याचा. बुद्धांच्या श्रावस्तीतल्या जेतवनातल्या निवासस्थानाला गंधकुटी म्हणत, कारण लोक तिथे सुगंधी फुलं वाहत असत. स्वतः सुगंध न लावणाऱ्याच्या दारात सुवास दरवळत होता, आणि यात कुणाला विसंगती दिसली नाही. माझ्या अंगावरचा सुगंध माझी ओळख बनतो, माझ्याभोवती एक वलय तयार करतो. झाडाचा सुवास कुणाचीच ओळख बनत नाही. विषय म्हणून त्याचा धोका कमी आहे, कारण तो साठवता येत नाही.

देवांच्या आवडीनिवडीची यादी पुढे करणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येईल. विठोबाला तुळस, गणपतीला दूर्वा आणि जास्वंद, शंकराला बेल आणि धोत्रा, मारुतीला रुई, जोतिबाला दवणा: या यादीत सुवासिक फुलं फारशी नाहीतच. जास्वंदीला वास नाही, धोत्रा विषारी, रुई उकिरड्यावर उगवणारी. आणि सुवासात सर्वांना मागे टाकणारा केवडा खोटी साक्ष दिल्याबद्दल शंकराच्या पूजेतून बाद झाला, अशी शिवपुराणातली कथा. देवाला प्रसन्न करण्यासाठी म्हणून सुवासिक झाड लावावं, असं ही यादी सांगतच नाही. परदेशी झाड देवाला चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी दसऱ्याच्या झेंडूकडे बघावं; तो मेक्सिकोकडचा. देवळातला पांढरा चाफाही अमेरिका खंडातून आलेला, निशिगंधही मेक्सिकोचा. देवांनी त्यांना कधी परत पाठवलं नाही.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण तो माझ्याच म्हणण्यातून निघतो. सुवासावर मालकी नाही, तो कुंपण मानत नाही, हे खरं असेल तर तो नको असलेल्यावरही जातोच. रातराणीचं झाड शयनगृहाच्या खिडकीला लागून असेल तर त्या उग्र वासाने काहींचं डोकं दुखतं, दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. माझं दान त्याच्यावर लादलं गेलं. याला नुसतं ‘कोण काय करणार’ म्हणून सोडून देता येत नाही. ज्यावर माझा हक्क नाही त्याची जबाबदारीही माझी नाही, ही पळवाट आहे. झाड कुठे लावायचं ते मी ठरवलं, म्हणून त्याच्या वाऱ्याची जबाबदारी माझी. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणं देश, काळ आणि पात्र पाहून द्यावं अशी आहेत, आणि परतफेड करू न शकणाऱ्याला द्यावं असंही तिथे आहे. पतंग आणि वाटसरू परतफेड करणार नाहीत, ही अट आपोआप पुरी होते. देश आणि काळ मात्र लावणाऱ्याने सांभाळायचे असतात. रातराणी लावायचीच तर खिडकीपासून आणि शेजाऱ्यापासून दूर, मोकळ्या कडेला, आणि घरात लहान मुलं असतील तर नकोच, कारण तिची फळं विषारी आहेत. दाट वस्तीत जुई किंवा कुंद बरी. त्यांचा वास जवळ आलेल्यालाच कळतो. सुवासाने साप येतात ही भीती मात्र सोडून द्यावी. साप येतात ते उंदीर, बेडूक आणि अडगळीची ओल यांच्यामागे; झाडाचा बुंधा स्वच्छ ठेवला, पालापाचोळ्याचे ढीग साठू दिले नाहीत, की प्रश्न मिटतो.

राहिला रोज सकाळचा वाद. हातात पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन फिरायला निघालेली माणसं दुसऱ्यांच्या कुंपणावरून पूजेसाठी फुलं ओरबाडतात, आणि आतला मालक चिडतो. दोघांकडेही धर्माचा आधार आहे असं दोघांनाही वाटतं. मालकाने गौतमाचं वचन आठवावं: फुलांना कुंपणाची अट नाही. झाड निवडताना आणि लावताना हे आधीच गृहीत धरावं, प्राजक्त भिंतीलगत लावावा, म्हणजे निम्मा सडा रस्त्यावर पडेल आणि कुणाला काठी उगारावी लागणार नाही. सदनिकेत राहणाऱ्याने सज्जातली मोगऱ्याची कुंडी कठड्याच्या आत दडवण्यापेक्षा कडेला, पण पक्की बांधून ठेवावी. आणि तोडणाऱ्याने कोसलच्या देवतेचा शब्द आठवावा. शास्त्राने फूल घ्यायला मुभा दिली, झाड रिकामं करायला दिली नाही. एका फांदीवरची दोन-चार फुलं पूजेला पुरतात, आणि तेवढीही नसतील तर फूल ना फुलाची पाकळी. झाडावर राहिलेली फुलं संध्याकाळी पतंगाच्या कामी येतील, त्याच रस्त्याने कामावरून परतणाऱ्या बाईच्या कामी येतील. त्या दोघांचा वाटा सकाळीच पिशवीत भरून नेणाऱ्याने ती फुलं देवापुढे ठेवताना, नामदेवांच्या भुंग्याला आपण काय उत्तर देणार, याचा विचार करावा.